उभ्या नानांचा पंप

माझा पदवीचा फोटो आमच्या घरात टीव्हीच्या वर लावलेला आहे. घरातली पहिली पदवी, म्हणून फ्रेमही मोठी केली. पेढे वाटले त्या दिवशी वस्तीतल्या सगळ्यांनी मिळून काढलेला आणखी एक फोटो त्याच्या शेजारी आहे. पुढे खुर्च्या, खुर्च्यांवर आई-वडील, आत्या, शेजारपाजारचे. डाव्या कडेला, अर्धा चौकटीबाहेर गेलेला, एक माणूस उभा आहे. त्याच्यासाठी ठेवलेली खुर्ची फोटोत रिकामी दिसते. फोटोवाला तीनदा म्हणाला होता, "नाना, बसा की राव." नाना म्हणाले, "तू काढ. मी काय पळून न्हाई चाललो." आणि नेमके त्या क्षणाला हलले. म्हणून फोटोत बाकी सगळ्यांचे चेहरे स्वच्छ आहेत आणि नाना तेवढे पुसट.

नाना गेले त्याला आता वर्ष होईल. त्यांचा दुसरा फोटो माझ्याकडे नाही.

गेनू त्यांचं नाव. गावासाठी ते उभे नाना. बाहेरगावच्या एका पाहुण्याने 'उभे' हे आडनावच समजून लग्नपत्रिकेवर 'श्री. गेनूजी उभे आणि परिवार' असं लिहून पाठवलं होतं. नानांनी ती पत्रिका जपून ठेवली. "बरूबरच लिवलंय की," म्हणायचे.

माणूस बसायचाच नाही. चहा फेऱ्या मारत प्यायचे. जेवणसुद्धा तसंच. भाकरी तळहातावर, भाकरीवर ठेचा नाहीतर सुकी भाजी, आणि अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या. विहारात पौर्णिमेला वंदनेला सगळे मांडी घालून बसले की नाना दाराच्या चौकटीशी हात जोडून उभे. टेकलेले वाटायचे, पण नीट पाहिलं तर खांदा चौकटीपासून बोटभर लांब असायचा. कुणी फार आग्रह केला तर एकच उत्तर ठरलेलं, "बसलं की गंज चढतो."

त्यावर सिंधूनानी, त्यांची बायको, घरातून ओरडायची, "अवो, चाळीस वर्सं तुमच्या मागं ताट घेऊन पळतीय, मी कधी बसले? मग मला का चढला?"

धंदा विहिरीवरच्या पंपांचा. डिंभे धरणाचं पाणी कालव्याने आमच्या भागात आलं, विहिरी उन्हाळ्यातही भरलेल्या राहायला लागल्या, घरटी मोटर आली. मोटर आली म्हटल्यावर ती बिघडणार, आणि बिघडली की नाना. त्यांची तपासायची रीत वेगळी होती. हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर पंपाच्या अंगाला टेकवायचा, त्याची मूठ कानात धरायची आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ काय तो माणूस स्थिर. मग निकाल, "बेरिंग बोलतंय." किंवा, "हवा धरलीय हिनं." एकदा एका शेतकऱ्याला म्हणाले, "तुझ्या तळातल्या झडपेत कायतरी जितं हाय." शेतकरी हसला. पाइप वर काढला तर झडपेतून खेकडा निघाला. पुढची दहा वर्षं तो शेतकरी स्वतःच लोकांना ही गोष्ट सांगत होता, आणि दरवेळी खेकडा थोडा मोठा होत होता.

ज्या विहिरींच्या काठावर नानांच्या वडिलांना घागर खाली ठेवून लांब उभं राहावं लागायचं, कुणी वरून ओतलं तर पाणी मिळायचं, त्यातल्या प्रत्येक विहिरीच्या तळाला नाना जाऊन आले होते. हे मी लिहितेय. नाना यावर कधी बोलले नाहीत.

न बसण्याचं कारणही त्यांनी सांगितलं नाही. नानीने सांगितलं, एकदा शेंगा सोलता सोलता, काही विशेष नसल्यासारखं. "धंद्याला लागले तवा लोकांच्या दारात जायचे. काम झालं की मालक म्हणायचा, बस गेनू, चहा घे. आता बस म्हणला, पर कुठं बसायचं? वट्यावर? पायरीवर? का खाली मातीत? वट्यावर बसलं तर त्याच्या म्हातारीचं त्वांड वाकडं व्हायचं. मातीत बसायचं ह्यांच्या जीवावर यायचं. मग हे म्हणायचे, मी उभाच बरा. उभं राह्यलं की सवालच मिटला." शेंग फोडून दाणे सुपात टाकत ती पुढे म्हणाली, "आता लोकं खुर्च्या देत्यात. पर ह्यांचं गुडघं वळायचंच इसरलं."

माझ्याशी नानांचं नातं पंपाचं. मी अवसरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. एका रविवारी त्यांनी मला विहिरीवर नेलं. पंपाचा फिरणारा दांडा जिथून बाहेर येतो तिथे तेलात भिजवलेली दोरी गुंडाळून वरून आवळतात, तिला ग्लँड म्हणतात. त्या ग्लँडमधून पाण्याचा एकेक थेंब पडत होता.

"गळतंय," मी म्हटलं.

"गळत न्हाई. ठिबकतंय. मोज."

मी मनगटावरचं घड्याळ बघत थेंब मोजले. नाना माझ्याभोवती फिरत बोलत होते, "हे थेंब दोरीला गार ठेवत्यात. येडी माणसं थेंब दिसला की पाना घेऊन आवळत्यात. मग दोरी जळती, दांडा कापला जातो. ध्यानात ठेव, ठिबकतोय तवर पंप जिता हाय. ठिबकायचा थांबला की समजायचं, आत आग लागली."

त्या वर्षी तोंडी परीक्षेत मला ग्लँडवरच प्रश्न आला. मी थेंबांसकट उत्तर दिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "कुठं वाचलंस?" मी म्हटलं, "वाचलं नाही सर. मोजलंय." ते उत्तर मी अजूनही लोकांना सांगते. सांगायला मला आवडतं.

नानीच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा मी चाकणला कंपनीत लागले होते, क्वालिटी विभागात. आठवडाभर तिकडे खोलीवर, शनिवारी गावी. नानीला मंगळवारी आणि शुक्रवारी नारायणगावला डायलिसिसला न्यावं लागायचं. गावात म्हणायचे, रक्त धुवायला. सुरुवातीला ती दोघं वडापच्या जीपने गेली. चार तास मशीनवर पडून अंगातलं त्राण गेलेलं, त्यात जीपमध्ये कोंबलेली माणसं. एका परतीच्या फेरीत नानीला उलटी झाली, ती शेजारच्या बाईच्या नव्या लुगड्यावर. बाई वाईट बोलली नाही. नुसती आकसून बसली आणि जागा नसताना लांब सरकली. नानीने घरी येऊन सांगून टाकलं, "इथून पुढं मी लोकांच्या गाडीत बसणार न्हाई. आपली असंल तर जाईन. न्हाईतर नगं ते रक्त धुणं."

महिन्याभरात नानांनी जुनी पांढरी पेट्रोल गाडी आणली आणि एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकले. गाडीत बसावंच लागतं, त्याला इलाज नव्हता. पण नाना सीटच्या पुढच्या कडेवर टेकायचे, पाठ कधी मागे लागू द्यायचे नाहीत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस उभ्यानेच गाडी चालवतोय. दवाखान्यात नानी आत मशीनवर चार तास आणि नाना बाहेर लोखंडी बाकासमोर चार तास येरझाऱ्या. तिथली सिस्टर एकदा म्हणाली, "आजोबा, बसा हो. तुमच्याकडं बघून मला चक्कर येते." नाना म्हणाले, "मग तू बस."

अशातच एका रविवारी नानांनी मला बोनेट उघडून दाखवलं. चेहऱ्यावर कौतुक होतं.

"बघ इंजिनियरबाई. हिचा पण पंप ठिबकतोय. झाक हाय गाडी."

मी वाकून पाहिलं. इंजिनाचं पाणी फिरवणारा पंप पुढच्या बाजूला होता, पट्ट्यावर फिरणारा. त्याच्या मानेखाली एक बारीक भोक असतं. तिथून थेंब पडत होता.

"नाना, हा ग्लँडचा थेंब नाही. ह्यात दोरी नसतेच, सील असतं. ह्या भोकाला वीप होल म्हणतात. आतलं सील फाटलं की पाणी इथून बाहेर येतं, म्हणजे आपल्याला कळावं म्हणून. पंप बदलायला लागेल."

"वीप म्हंजे?"

"रडणं."

"म्हंजे रडायचं भोक?" नाना असे हसले की नानी बाहेर आली. "आगं, ऐकलं का? हिच्या पुस्तकात पंप रडतोय!"

संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावात झालं. मी दुकानात गेले तर एक जण म्हणाला, "काय इंजिनियरबाई, आमची पण मोटर सकाळधरनं हुंदकं देतीय, जरा येता का?" सगळे हसले. मीही हसले, आणि मला ते लागलं. चार वर्षं एसटीला लोंबकळून मी ती पदवी आणली होती. वीप होल मी परीक्षेत दोन मार्कांना लिहिलं होतं आणि दोन्ही मिळाले होते. मनात म्हटलं, मी सांगितलं. ऐकायचं तर ऐका. पुढच्या रविवारी विषय काढला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. नाना रोज सकाळी रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी तांब्याने भरत होते आणि थेंब बघून समाधानाने झाकण लावत होते.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी, मी कंपनीतून खोलीवर आले तोच फोन. नाना फोनवर आधी हालहवाल विचारायचे, पण त्या दिवशी तेवढंही न बोलता एकदम म्हणाले, "सुजा, ते भोक कोणतं म्हणली व्हतीस?"



झालं होतं ते असं. नारायणगाव चार किलोमीटरवर आलं असताना पंपाच्या बेरिंगने दम सोडला. पट्टा जळाला, गाडी तापली, बोनेटमधून वाफ. नानांनी रेडिएटरचं झाकण फडक्याने उघडायला हात घातला आणि कोपरापर्यंत भाजून घेतला. शेवटी नानीला हात धरून जीपमध्ये चढवलं, जिच्यात बसणार नाही म्हणाली होती तिच्यातच. पोचायला इतका उशीर झाला की तिची मशीन दुसऱ्याला दिलेली. नंतर मशीन मोकळी झाली तेव्हा चार तासांच्या जागी दीडच तास मिळाले. डॉक्टर म्हणाले, मंगळवार काहीही झालं तरी चुकवू नका.

गॅरेजवाला म्हणाला, बुधवारच्या आत हात लावता येणार नाही. माझ्या वडिलांनी दुसऱ्या गाडीची सोय करतो म्हणून सांगितलं. नानीने ऐकून घेतलं आणि नाही म्हणून मान हलवली. त्या शुक्रवारी जीपमध्ये काय झालं होतं ते तिने कुणाला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "आपली गाडी नीट झाली तर मंगळवारी जाईन. न्हाई झाली तर राह्यलं." ती तसंच करणार हे सगळ्यांना माहीत होतं.

शनिवारी मी गावी येताना नारायणगावला उतरले. तिथे स्पेअर पार्टचं दुकान आहे. शेठच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन थाटलेलं. शेठ आमच्यापेक्षा चांगलं गावरान मराठी बोलतात. त्यांनी पंपाचा खोका आधीच काढून ठेवला होता.

"नाना येऊन गेले सकाळी," शेठ म्हणाले. "तीस वर्सं ह्या स्टुलावर बसा म्हणतोय, बसले न्हाईत. आज स्टुलाला हात धरून उभे व्हते. गाडीचा नंबर सांगितला आन म्हणले, बाकी पोरगी सांगंल ते द्या. लई पडलं व्हतं त्वांड."

मी नवा पट्टा आणि इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटचे डबेही घेतले. शेठनी दोन्ही हातांनी पिशवी दिली.

रविवारी सकाळी नानांच्या अंगणात काम सुरू झालं. गाडी गावातल्या ट्रॅक्टरने ओढून आणलेली. नानी बाहेर खाटेवर, पाय सुजून चकचकीत झालेले, दोन उशांना टेकून, कारण सपाट झोपलं की तिला दम लागत होता. मी टोमॅटोचा क्रेट उलटा घालून त्यावर बसले. नाना उभे. भाजलेल्या हाताला मलम आणि वर जुनं धोतर गुंडाळलेलं.

मी मनात जुळवून ठेवलेलं वाक्य बोलले. "नाना, मी परत सांगायला पाहिजे होतं. मला राग आला म्हणून सांगितलं नाही."

नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू सांगितलं व्हतं. मी हसलो व्हतो. आता तू बोल, मी फिरवतो."

आणि हे फार अवघड गेलं. नानांनी कधी कुणाचा हुकूम घेतला नव्हता, आणि मी कधी स्वतःच्या हाताने इंजिन उघडलं नव्हतं. बॅटरीची वायर काढली, खालची नळी सोडून पाणी काढलं. तांबूस गढूळ पाणी आलं, गंजाचं. नानांनी ते बोटांवर घेऊन चोळलं. मी म्हटलं, "आता पट्ट्याचा राहिलेला तुकडा काढा, मग पुलीचे बोल्ट." जळका पट्टा त्यांनी काढला, बोल्टला पाना लावला तर पुली पान्याबरोबर गरागरा फिरायला लागली.

"इंजिनियरबाई," नाना म्हणाले, "पट्टा असतानाच बोल्ट सैल करायचे असत्यात. पट्टा पुली धरतो. ह्ये न्हाई का तुमच्या पुस्तकात?"

त्या दोन दिवसांतला त्यांचा पहिला टोमणा. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. जुना पट्टाच पुलीभोवती आवळून त्यांनी ती धरली आणि बोल्ट सोडले. पंपाचे पाच बोल्ट निघाले, दोन लांब, तीन आखूड. नानांनी पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढला आणि जो बोल्ट जिथला तिथे टोचून ठेवला. "उलटा लागला तर भोकाचं वाटोळं."

पंप हातात आला. नानांनी तो उचलून दांडा हलवला. दांडा सैल दातासारखा हलला. खालच्या भोकात त्यांनी खिळा घालून पाहिला. भोवती पाण्याने आखलेली पांढरी-तांबडी रेघ होती. बराच वेळ ती बघत होते. मग पंप हातात घेऊनच अंगणात दोन फेऱ्या मारल्या.

"सांगत व्हता बिचारा," खाटेकडे जाऊन नानीला म्हणाले. "रोज सांगत व्हता. मला वाटलं, निरोगी हाय."

नानी म्हणाली, "तुमचं कायम असंच. मी पाय सुजलेत म्हणले तवा तुमी म्हणला व्हता, अंग भरलंय."

कुणी हसलं नाही. मग तीच हसली, आणि हसता हसता तिला दम लागला. नाना तिच्यामागे उशी सारत उभे राहिले, तिचा श्वास जागेवर येईपर्यंत. मी घड्याळ बघितलं. रविवारचे अकरा. मंगळवारी सकाळी सातला मशीन.

मग दुसरीच अडचण. नवा पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बसतं ते कागदी पॅकिंग खोक्यातून काढताना माझ्याच हातून फाटलं. रविवार, शेठचं दुकान बंद. मी रडकुंडीला आले. नाना म्हणाले, "आता तू जरा गप बस," आणि घरातून पॅकिंगचा जाड कागद आणला. तो पंपाच्या तोंडावर पसरला आणि छोट्या हातोडीने कडेकडेने ठोकायला लागले, इतकं हलकं की नुसती टकटक ऐकू यावी. जिथे धातूची धार होती तिथे कागद आपोआप कापला जात होता. बोल्टच्या भोकांवर बेरिंगची गोळी ठेवून एकेक टोला. पाच मिनिटांत कंपनीसारखं पॅकिंग. मी कंपनीत मायक्रोमीटरने मापं घेते. त्या पॅकिंगला मी काही मोजलं नाही.

पंप बसला. बोल्ट समोरासमोर आवळले, एकदम नाही, थोडे थोडे. नवा पट्टा. नाना बादलीकडे गेले.

"विहिरीचं नाही," मी म्हटलं. "आपल्या पाण्यात क्षार आहे, त्यानेच खाल्लं सील. कूलंट घालायचं."

"हिरवं पानी?" नानांनी डब्यात डोकावून पाहिलं. "बरं. तुझं राज्य."

भरलं. गाडी सुरू केली. पहिल्या झटक्याला लागली. नानीने खाटेवरून हात जोडले. पण दहा मिनिटांत तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेला, आणि जातच राहिला. मी ओरडले, "बंद करा!" गाडी बंद. माझ्या डोक्यात चार वर्षांची सगळी पुस्तकं एकदम उघडली. थर्मोस्टॅटची झडप अडकली असेल, इंजिनाचं हेड वाकलं असेल, शुक्रवारी तापली तेव्हाच इंजिन गेलं असेल. तसं असेल तर संपलं. तसं असेल तर मंगळवार नाही. मी नानीकडे बघायचं टाळत होते आणि मला कळत होतं की ती माझ्याकडेच बघतेय.

नानांनी इंजिन थोडं निवू दिलं. तेवढ्या वेळात अंगणात पन्नास फेऱ्या झाल्या असतील. मग हातभर लांबीचा तो स्क्रू ड्रायव्हर आणला. "लाव एकदा."

मी किल्ली फिरवली. नानांनी टोक पंपाला लावलं, मूठ कानात, डोळे मिटले. थांबले.

आणि हसले.

"आगं, हिनं तर हवा धरलीय. पानीच पोचंना पंपात. कोरडी फिरतीय. रिकाम्या विहिरीवरच्या मोटरीसारखी." डोळे उघडले. "ह्ये काय इंजिनाचं काम न्हाई. ह्ये माझं काम हाय."

गाडी ढकलून अंगणाच्या चढावर तोंड वर करून लावली, चाकांना दगड. वरच्या नळीची पट्टी सैल केली, नळी जरा उचलली. भुस्स करून हवा गेली, बुडबुडे आले, मग हिरवं पाणी नानांच्या सदऱ्यावर उडालं. "आली! धर, वत वरनं!" मी वरून कूलंट ओतत राहिले. नळी आवळली. गाडी लावली. काटा वर आला, मध्यावर आला आणि थांबला. पाच मिनिटं, दहा, वीस. थांबलेलाच.

मी क्रेटवर बसले. नाना मात्र वाकून पंपाखालच्या भोकाला बोट लावत होते. बोट बाहेर काढून उजेडात बघायचे, परत लावायचे.

"कोरडंय."

"कोरडंच पाहिजे नाना."

"ठिबकत न्हाई म्हंजे..." परत बोट लावलं. चाळीस वर्षं जे कानाने आणि बोटाने खरं केलं होतं ते एका रविवारी कसं सोडायचं? "जळणार तर न्हाई ना गं आत?"

"नाही जळणार."

"तू म्हणतीस म्हणून."

मी सोमवारची रजा टाकली, मंगळवारचीही. मंगळवारी पहाटे उजाडता उजाडता निघालो. मी मागे, नानीचं डोकं माझ्या मांडीवर उंच धरून. नाना सीटच्या कडेवर, एक डोळा रस्त्यावर, एक काट्यावर. दोनदा गाडी कडेला घेतली, उतरले, बोनेट उघडून बोट लावून आले. तिसऱ्यांदा गाडीचा वेग कमी व्हायला लागला तशी नानी खालूनच म्हणाली, "अवो, चालवा ना. त्या भोकात बोटं घालत बसला तर माझी मशीन जाईल."

नाना तिसऱ्यांदा थांबले नाहीत. सातला दहा कमी असताना आम्ही दवाखान्याच्या दारात होतो. तिची मशीन रिकामी होती.

नानी त्यानंतर द्राक्षांचे दोन हंगाम राहिली. एकही मंगळवार, एकही शुक्रवार चुकला नाही. दर रविवारी मी गेले की नाना बोनेट उघडून मला भोक दाखवायचे, कोरडं. आणि दुकानात कुणी गाडीचा विषय काढला की म्हणायचे, "आदी रडायचं भोक बघ. आमच्या इंजिनियरबाईनं सांगितलंय." आता कुणी हसायचं नाही.

नानी गेली ती घरीच, दुपारी, मशीनच्या दिवशी नव्हे. मी पोचले तेव्हा माणसं जमली होती आणि नाना त्या माणसांमधून फिरत होते, कुणाला पाणी द्या, कुणाला सावलीत घ्या, करत. त्यांच्या डोळ्यात पाणी पाहिल्याचं मला कुणी सांगितलं नाही. मला वाटलं, आता हा माणूस थांबणार तरी कुठे.

दोन महिन्यांनी एका शुक्रवारी सुट्टी होती म्हणून गावी आले, नानांच्या घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "नारायणगावला गेलेत. रक्त धुवायला." मला कळेना. मी तशीच नारायणगावला गेले.

पलीकडच्या वाडीतली एक म्हातारी डायलिसिसला जीपने जायची. जीपमध्ये तिला उलटी होते हे नानांना कुठून तरी समजलं होतं. आता मंगळवार-शुक्रवार नाना तिला नेत होते.

दवाखान्याच्या त्या बोळात, लोखंडी बाकावर, नाना बसलेले होते. पाठ भिंतीला पूर्ण टेकलेली. मी दारातच थबकले. मला आधी वाटलं, त्यांना बरं नाही.

"नाना, तुम्ही बसलात?"

"व्हय." जरा लाजले. "तुझ्या नानीनं जायच्या आदल्या दिशी हात धरून खाटंवर बसवलं. म्हणली, आता कुठं बसायचं ते तुमाला कोण सांगणार न्हाई, तुमीच ठरवा."

बाकावरची त्यांची पिशवी त्यांनी उचलून मांडीवर घेतली आणि शेजारची जागा हाताने पुसली.

"मी हितं ठरवलं. ये. बस."

मी बसले. आत मशीन चालू होती, तिची घरघर ऐकू येत होती. नाना मान तिरकी करून ती ऐकत होते. त्यांचा उजवा पाय तेवढा हलत होता.